सासूबाईंची पिशवी आणि खाडीची धास्ती

मानखुर्दला राहणाऱ्या 33 वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. सासर ट्रॉम्बे कोळीवाड्यातलं. सासूबाई दर रविवारी पिशवी भरून मासळी आणतात: बोयटं, कोलंबी, तिसऱ्या, चिंबोऱ्या, कधी बोंबील, कधी पापलेट. तीन महिन्यांपूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. अंधारात निळसर चमकणारी कोलंबी, आणि खाली मजकूर की भाभा अणुसंशोधन केंद्राचं पाणी खाडीत येतं, ही मासळी खाल्ली तर मुलांना कॅन्सर होईल. तेव्हापासून ही मैत्रीण चार वर्षांच्या मुलीला मासे देत नाही. सासूबाईंना सांगायचा धीर होत नाही, म्हणून पिशवी फ्रीजमध्ये जाते आणि सोमवारी पोळ्या करणाऱ्या मावशींना दिली जाते. "फेकून देववत नाही," असं ती लिहिते. नवरा गॅलरीत सिगरेट ओढता ओढता म्हणतो, "आम्ही जन्मभर खातोय, काय झालं?" पंधरा दिवसांपूर्वी मुलीने आजीला सांगून टाकलं, "मम्मी मासे मावशीला देते." गेल्या रविवारी सासूबाई आल्याच नाहीत. मैत्रीण विचारते: माझं चुकलं का? मुलीची थायरॉइडची तपासणी करून घेऊ का? दुसऱ्या मुलाचा विचार चाललाय, तर घर बदलावं का?

---

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचताना मी खाडीपाशी थांबले नाही, मावशींपाशी थांबले. मासळी विषारी आहे अशी तुमची खात्री असती तर तुम्ही ती मावशींच्या हातात ठेवली नसती. त्यांच्या घरीही मुलं असतील. तुम्ही वाईट आहात असं मला मुळीच म्हणायचं नाही. मला एवढंच दिसतंय की तुमच्या मनाने यावर अर्धाच विश्वास ठेवलाय. मुलीच्या ताटापुरता धोका खरा, आणि पिशवी दाराबाहेर गेली की तो संपला. अर्धवट भीती फार दमवते. ती पूर्ण तरी करू या, नाहीतर सोडून तरी देऊ या.

मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं चेंबूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आणि त्याहून जास्त वर्षं चेंबूरच्या बाजारात मासे घेतले. या दोन्हींच्या जोरावर लिहितेय.

आधी ती चमकणारी कोलंबी. समुद्राच्या पाण्यात प्रकाश देणारे जिवाणू असतात. मासळी थंड जागी पण जास्त वेळ राहिली की ते तिच्यावर वाढतात आणि अंधारात निळसर उजेड पडतो. म्हणजे ती कोलंबी शिळी असू शकते, ती न खाल्लेलीच बरी. पण किरणोत्सर्गी मासा चमकत नाही. त्याला वास नसतो, चव नसते, रंग बदललेला नसतो. आपल्याकडे हा गोंधळ त्या "रेडियम" शब्दाने केलाय. गाडीच्या नंबरप्लेटवर जे चमकतं ते आपल्यासाठी रेडियम, सिग्नलजवळ स्टिकर कापून देणारा तो रेडियमवाला. त्याच्या दुकानात रेडियमचा एक कणही नसतो. जुन्या घड्याळांच्या काट्यांवर खरं रेडियम असायचं, तिथून तो शब्द राहिला. उलट आपल्या आज्या ज्या पेट्रोमॅक्सच्या उजेडात मासे विकायच्या, त्याच्या जाळीत खरोखर थोरियम असायचं. त्याबद्दल कधी कुणी व्हिडिओ केला नाही.

आता मूळ मुद्दा. किरणोत्सर्गी मूलद्रव्य माणसापर्यंत पोचायला वाट लागते. ते उडी मारून येत नाही, पायरी पायरीने येतं, आणि प्रत्येक पायरीवर एकतर विरळ होतं किंवा साठतं. कुठे विरळ होतं आणि कुठे साठतं हे कळलं की निम्मी भीती आपोआप जागेवर बसते.

सगळ्यात प्रसिद्ध वाट गवत, गाय, दूध, मूल अशी आहे. 26 एप्रिल 1986 ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा आयोडीन-131 हवेतून गवतावर बसलं. गाय दिवसभरात केवढा तरी परिसर चरते, आणि तेवढ्या सगळ्या गवतावरचं आयोडीन तिच्या दुधात उतरतं. मुलांची थायरॉइड ग्रंथी लहान, दूध पिणं जास्त, आणि ग्रंथीला कुठलं आयोडीन साधं आणि कुठलं किरणोत्सर्गी हे ओळखता येत नाही. त्या भागातल्या मुलांच्या आहारात आधीच आयोडीन कमी होतं, त्यामुळे ग्रंथीने ते अधाशासारखं घेतलं. पुढे तिथल्या हजारो मुलांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. ही गोष्ट खरी आहे आणि भयंकर आहे. पण या आयोडीनचं अर्धायुष्य 8 दिवसांचं. दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं, अडीच-तीन महिन्यांत हजारांश भागही उरत नाही. तेव्हा ते दूध काही आठवडे पाजलं नसतं तर पुष्कळ मुलांचा कॅन्सर टळला असता.

म्हणूनच तुमच्या थायरॉइडच्या प्रश्नाला माझं उत्तर "नको" असं आहे. अणुभट्टीचा अपघात झाला नाही, आयोडीन बाहेर पडलं नाही, तर तपासायचं काय? फुकुशिमानंतर जपानमध्ये सुमारे 3 लाख मुलांच्या गळ्यांची सोनोग्राफी झाली. त्यात इतक्या बारीक बारीक गाठी सापडल्या, की यातल्या बऱ्याचशा आयुष्यभर त्रासही देणार नव्हत्या, मग मुलांवर शस्त्रक्रिया कशाला केल्या, असा वाद तिथे उभा राहिला. मुलीच्या बालरोगतज्ज्ञांना वेगळं काही दिसलं तर गोष्ट निराळी. आयोडीनच्या गोळ्याही आणू नका. मात्र हल्लीच्या फॅशनप्रमाणे घरात फक्त सैंधव आलं असेल तर आयोडीनयुक्त मीठ परत सुरू करा. दुसऱ्या बाळाचा विचार आहे म्हणून तर नक्कीच.

चेर्नोबिलची एक वाट थेट मुंबईपर्यंत आली होती, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. अपघातानंतर आयर्लंडहून आलेलं बटर मुंबईत वाटपाला निघालं आणि त्यात किरणोत्सर्ग आहे म्हणून काही नागरिक कोर्टात गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोचलं, न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि समितीने ते खायला योग्य ठरवलं. 1988 ची ही गोष्ट. मला यातलं रसायनशास्त्र आवडतं. अशा दुधातला टिकाऊ त्रास म्हणजे सीझियम-137, अर्धायुष्य 30 वर्षं. पण ते पाण्यात विरघळणारं. दही घुसळलं की लोणी वर येतं आणि सीझियम बहुतेक सगळं ताकात राहतं. एकाच गाईचं दूध, पण ताक पिणाऱ्याचा वाटा वेगळा आणि लोणी खाणाऱ्याचा वेगळा. "दूषित आहे का?" एवढंच विचारून भागत नाही ते यामुळे.

आता आपल्या खाडीकडे येऊ. इथे मी तुमच्या नवऱ्यासारखी हात झटकणार नाही. भाभा केंद्रातून सौम्य पातळीचं किरणोत्सर्गी सांडपाणी प्रक्रिया करून आणि मोजून खाडीत सोडलं जातं, आणि त्या बाजूच्या गाळात सीझियम-137 सापडतं. हे त्या केंद्राच्याच शास्त्रज्ञांनी शोधनिबंधांत छापलेलं आहे, कुणी चोरून बाहेर काढलेलं नाही. यातलं थोडं सीझियम जगभरच्या जमिनीवर आणि समुद्रात तसंही आहे, 1950 आणि 60 च्या दशकांत हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे.

प्रश्न असा की गाळातून ते माशात किती जातं. सीझियम पोटॅशियमसारखं वागतं आणि स्नायूंत जाऊन बसतं. गोड्या पाण्यात पोटॅशियम फार कमी, त्यामुळे तळ्यातला मासा सीझियम पटकन उचलतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात मात्र पोटॅशियम साधारण 400 मिलिग्रॅम असतं. सकाळची हार्बर लोकल आठवा: दारात आधीच शंभर पोटॅशियम लोंबकळतायत, त्यात एका सीझियमला चढायला जागा कुठून मिळणार? शिवाय सीझियमला चिकणमाती धरून ठेवते, सहजासहजी सोडत नाही. आपल्या खाडीचा काळा चिखल पायाला कसा चिकटतो ते सासूबाई तुम्हाला सांगतील. सीझियमच्या बाबतीत हीच चिकाटी आपल्या उपयोगी पडते. उरतात ते चिखलच खाणारे जीव, बोयटांसारखे. त्यांच्या पोटात गाळ असतो. म्हणून त्यांचं पोट आणि आतडी नीट काढून, धुऊन घ्यायची. कोळणी हे पिढ्यान्‌पिढ्या करतच आल्या आहेत.

आणि खरं सांगू का, मासळीतून माणसाला मिळणाऱ्या किरणोत्साराचा मोठा वाटा अणुभट्टीचा नसतोच. तो पोलोनियम-210 चा असतो, आणि ते निसर्गाचं आहे. जमिनीतल्या युरेनियमपासून साखळी सुरू होते, मध्ये रेडॉन नावाचा वायू होतो, तो हवेत येतो, त्याचं शिसं होतं, ते पावसाबरोबर समुद्रात पडतं आणि त्यातून पोलोनियम तयार होतं. तिसऱ्या, शिंपल्या, छोटी मासळी यांच्या पोटात ते साठतं. माणसाची वस्ती नसलेल्या किनाऱ्यावरही साठतं. जपानी लोक मासळी भरपूर खातात, त्यामुळे त्यांना अन्नातून वर्षाला जवळजवळ 1 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्साराचा डोस मोजायचं एकक) मिळतं, त्यातलं बहुतेक या पोलोनियमचं. तुलनेसाठी सांगते, जगात माणसाला निसर्गाकडून मिळणारा सरासरी डोस वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट आहे. अणुकेंद्रांमुळे सामान्य माणसाला मिळू शकणाऱ्या जादा डोसची मर्यादा वर्षाला 1. एका केळ्यात पोटॅशियम-40 चे साधारण 15 अणू दर सेकंदाला फुटत असतात, आणि तुमच्या-माझ्या शरीरात 4,000 च्या आसपास. जपानी आजोबा-आजी सगळ्यात दीर्घायुषी माणसांत मोडतात, हेही विसरू नका.

तीच रेडॉनची साखळी पावसाबरोबर तंबाखूच्या शेतातही उतरते. तंबाखूच्या पानांवर चिकट लव असते, तिला शिसं-210 चिकटून बसतं, त्यातून पोलोनियम होतं आणि पान जळलं की धुरातून ते सरळ फुप्फुसात जातं. तेव्हा तुमच्या घरातला पोलोनियमचा वाईटात वाईट रस्ता फ्रीजमधून जात नाही, गॅलरीतून जातो. धुराचे बाकीचे दोष वेगळेच. "आम्ही जन्मभर खातोय, काय झालं?" हे वाक्य तो हातात सिगरेट धरून म्हणतोय, हे त्याला हसत हसत दाखवा. बाळाचा विचार दोघांचा असेल तर दुसरं बाळ यायच्या आधी बंद करायची पहिली गोष्ट ती आहे.

आता पुन्हा पिशवी उघडू. तुम्ही तिला "खाडीची मासळी" म्हणता, पण तुमच्याच यादीत पापलेट आहे. पापलेट ट्रॉम्बेच्या खाडीत मिळत नाही हो! ते बाहेरच्या समुद्रातलं, बोंबीलही तिकडचेच. म्हणजे सासूबाई ते भाऊच्या धक्क्यावरून नाहीतर बाजारातून विकत आणतात. पहाटे उठून, गाडी पकडून, पदरचे पैसे घालून, नातीसाठी. तुम्ही कधी विचारलंत का, "आई, हे कुठलं?" तीन महिन्यांत कोलंबीचा व्हिडिओ किती वेळा पाहिलात आणि हा प्रश्न किती वेळा विचारलात? खाडीतली मासळी आता पूर्वीसारखी मिळत नाही, हे कुठल्याही ट्रॉम्बेकराला विचारा. पिशवीतलं खरं खाडीचं किती, हे फक्त त्याच सांगू शकतात.

खाडीची भीती बाळगायचीच असेल तर कशाची, तेही सांगते. सांडपाण्याची आणि कारखान्यांच्या धातूंची. ठाणे खाडीत मुंबई, ठाणे, नवी मुंबईचं किती घाण पाणी येतं हे पुलावरून जाताना नाकालाच कळतं. तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातले जंतू आणि धातू त्यांच्यात साठतात. चार वर्षांच्या मुलीला खाडीतल्या तिसऱ्या मी देणार नाही, आणि त्याचं कारण अणुऊर्जा नाही, जुलाब आणि कावीळ आहे. मोठ्यांनी खायच्या तर जिवंत, तोंड मिटलेल्या घ्या, मिठाच्या पाण्यात काही तास ठेवा म्हणजे वाळू टाकतात, आणि चांगल्या शिजवा. शिजूनही ज्यांचं तोंड उघडत नाही त्या फेका. चिंबोरीच्या आतला तो पिवळा-हिरवा भाग मुलीला नको. सगळी साठवण तिथेच होते. (मला तो फार आवडतो. मी साठीची आहे, मला चालतं.)

दिवस राहिले की आणखी एक. आपल्याकडे बाळंतिणीला मोरी खायला घालतात, दूध येतं म्हणून. सासूबाई प्रेमाने आणतीलच. मोरी म्हणजे शार्क, मोठा शिकारी मासा, आणि त्याच्यात पारा साठतो. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना ती टाळा. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील हे लहान मासे चांगले. पिण्याच्या पाण्याची काळजी करू नका. मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणांतून येतं, खाडीतून नाही.

घर बदलावं का? किरणोत्साराच्या भीतीने नाही. अणुशक्तीनगरात शास्त्रज्ञ कुटुंबासकट राहतात, असं नवरा म्हणेल. तो पुरावा म्हणून मी फारसा धरत नाही. माणसं धोकादायक जागीही राहतात. मी आकडे मागेन. आणि इथे तुमच्या शंकेला माझा पाठिंबा आहे. तारापूरसारख्या वीजकेंद्रांभोवती लोकांना किती डोस मिळतो हे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या वार्षिक अहवालात छापलेलं असतं, आणि तो मर्यादेच्या खूप खाली असतो. भाभा केंद्राला मात्र 2000 साली त्या मंडळाच्या कक्षेतून बाहेर काढलं, तेव्हापासून तिथली सुरक्षा केंद्राची स्वतःची यंत्रणा पाहते. स्वतःचा पेपर स्वतः तपासण्याची ही पद्धत मला पटत नाही, परीक्षक म्हणून इतकी वर्षं काढल्यावर तर नाहीच. म्हणून ग्रुपवर व्हिडिओ फिरवण्यापेक्षा सोसायटीतल्या चारपाच जणांनी मिळून माहिती अधिकारात अर्ज करा. फी 10 रुपये. "खाडीतल्या मासळीत आणि गाळात गेल्या पाच वर्षांत सीझियम-137 किती आढळलं?" एवढाच प्रश्न, मराठीत. सुरक्षेचं कारण देऊन काही भाग नाकारतील. मग अपील करा. माशांच्या मोजणीत गुप्त ते काय असणार? स्वतः एखादा मासा प्रयोगशाळेत नेऊन पैसे घालवू नका, एका बोयटावरून खाडी कळत नाही.

तुम्ही मानखुर्दच्या, म्हणून तुमच्यासाठी आणि आसपासच्या वाचकांसाठी आणखी एक. आपल्या देशात किरणोत्सर्गाने सामान्य माणूस दगावला तो मासळीमुळे नाही, भंगारामुळे. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाचं जुनं यंत्र लिलावातून आलं. आत कोबाल्ट-60 होतं, कामगारांनी ते उघडलं आणि एकाचा जीव गेला. तुमच्या घरापासून मंडालाचं भंगार मार्केट किती लांब आहे ते तुम्हालाच ठाऊक. तिथे काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याला पिवळ्यावरची ती तीन पात्यांची काळी खूण मोबाइलवर दाखवून ठेवा. आकाराच्या मानाने फार जड शिशाचा डबा, वर ही खूण: कापायचा नाही, हात लावायचा नाही, लांब उभं राहून 112 ला फोन करायचा. मावशींच्या घरचं कुणी भंगारात असेल तर त्यांनाही.

आणि मावशींशी बोलाच. खाडीच्या तिसऱ्या त्यांच्या घरी गेल्या असतील तर त्या कशा शिजवायच्या हे मला जे सांगितलं ते त्यांना सांगा. बहुधा त्याच तुम्हाला चार गोष्टी जास्त सांगतील.

सासूबाईंकडे फोनवर माफी मागू नका. जा. रविवारची वाट न बघता, मुलीला घेऊन, संध्याकाळी. व्हिडिओची गोष्ट खरी खरी सांगा, घाबरले होते म्हणा. "तुमच्या माशांना नाव ठेवलं नाही" अशी मखलाशी करू नका, कारण ठेवलं होतं. मग विचारा, पिशवीतलं काय कुठून येतं. माझा अंदाज, त्या आधी दहा मिनिटं बोलणार नाहीत आणि नंतर तासभर थांबणार नाहीत: कुठल्या महिन्यात खाडीत काय मिळायचं, निवट्या कशा पकडायच्या, पाणी कधीपासून बिघडलं. ते ऐका, त्यातलं बरंच कुठल्याच अहवालात नाही. निघताना सांगा की मुलीसाठी बोंबील आणि बांगडे आणा, तिसऱ्या आम्हा दोघांपुरत्या. आणि पुढच्या रविवारी मासळी त्यांच्यासमोरच साफ करायला घ्या. बोयटाचं पोट कुठून चिरायचं ते त्यांच्याकडूनच शिका.

तुमची,
सल्लागार ताई